नट-बोल्टवरचा मुलामा आणि आपली प्रकृती

ऐन पावसाळ्यातील गोष्ट. सोमवारी रात्री दहाच्या सुमारास बावीस-तेवीस वर्षांच्या एका तरुणाला त्याचे वडील दवाखान्यात घेऊन आले. अंगावर घोंगडी, दात वाजत होते, ताप १०२. "डॉक्टरसाहेब, हिवताप दिसतोय, इंजेक्शन द्या," वडील म्हणाले. दिवस हिवतापाचेच होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. पण मुलगा म्हणाला, "संध्याकाळपासून तोंडाला गोडसर चव येतेय, पितळ चघळल्यासारखी. पाणीसुद्धा बरं लागत नाही." हे ऐकल्यावर मी त्याला विचारले, "आज दिवसभर काम काय केलंस?"

तो एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. जुन्या पंपांचे गंजून बसलेले बोल्ट गॅसच्या ज्वाळेने लाल करून सोडवण्याचे काम त्याला दिले होते. पाऊस आत येतो म्हणून शेडचे दार लावून घेतले होते. बोल्ट तापला की पांढरा धूर निघे आणि तो तेथेच कोंडून राही.

रक्त तपासले, हिवतापाचे जंतू सापडले नाहीत. रात्रभर ठेवून घेतले आणि छातीवर लक्ष ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप आपोआप उतरला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, या वेळी वर्कशॉपच्या मालकांना घेऊन. मालकांनी रुमाल सोडला. आत मूठभर बोल्ट, नट आणि इन्सर्ट होते. काही पांढरे चकचकीत, काही सोनेरी पिवळे, काही काळपट. "डॉक्टर, यातला कोणता मुलामा चांगला आणि कोणता वाईट तेवढं सांगा. दुकानदार म्हणतो पिवळा घ्या, जास्त टिकतो." त्यांना जे उत्तर दिले तेच आज थोडे विस्ताराने वाचकांपुढे ठेवतो.

मुलामा कशासाठी?

लोखंडाला हवा आणि ओलावा मिळाला की ते गंजते. गंज रोखण्यासाठी त्याच्यावर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवतात, त्यालाच आपण मुलामा किंवा प्लेटिंग म्हणतो. ही कल्पना आपल्याला नवी नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावतात, म्हणजे कथलाचा मुलामाच देतात. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागत नव्हते.

पण येथे एक फरक लक्षात घ्यावा. कल्हई माणसाला धातूपासून वाचवते. नट-बोल्टवरचा मुलामा धातूला हवा-पाण्यापासून वाचवतो. त्याची निवड करताना तो किती टिकेल, केवढ्याला पडेल, आट्यात नीट बसेल का, एवढेच पाहिले जाते. तो चढवणाऱ्याच्या, तापवणाऱ्याच्या आणि रोज हाताळणाऱ्याच्या प्रकृतीचे काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. तो विचारावा, एवढ्यासाठीच हा लेख.

इन्सर्ट म्हणजे काय?

ज्यांचा वर्कशॉपशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अॅल्युमिनियम, प्लास्टिक किंवा लाकूड हे लोखंडापेक्षा मऊ. त्यात पाडलेले आटे बोल्ट वारंवार काढल्या-घातल्याने झिजतात. स्कूटरच्या इंजिनाचा स्पार्क प्लग बसतो त्या भोकाचे आटे गेले, की मेकॅनिक भोक थोडे मोठे करून त्यात स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळी किंवा आतून-बाहेरून आटे असलेली छोटी बुशी बसवतो. हाच इन्सर्ट. यामुळे अख्खे हेड बदलण्याचा खर्च वाचतो. मिक्सरच्या प्लास्टिकच्या भागात पितळेचे इन्सर्ट असतात, लाकडी पलंगाच्या खुरात असतात, विमानाच्या इंजिनात तर शेकड्याने असतात.

इन्सर्टचा मुलामा निवडणे हे साध्या बोल्टपेक्षा अवघड काम आहे. एक तर आटे बारीक, त्यामुळे जाड थर चालत नाही. थर जितका जाड, त्याच्या सुमारे चौपट फरक आट्याच्या मापात पडतो, आणि मग बोल्ट जातच नाही. दुसरे म्हणजे पोलादी इन्सर्ट अॅल्युमिनियममध्ये बसला आणि ओलावा पोचला, की दोन धातूंमध्ये विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते व अॅल्युमिनियम खाल्ले जाऊन पांढरी भुकटी पडू लागते. कोकणातील खाऱ्या हवेत हे लवकर दिसते. त्यामुळे पातळ थरात टिकणारा, अॅल्युमिनियमशी न भांडणारा आणि बोल्ट सहज फिरू देणारा मुलामा हवा असतो. हे तिन्ही गुण एका धातूत उत्तम आहेत. दुर्दैवाने तोच सगळ्यांत घातक आहे. त्याच्याकडे वळण्यापूर्वी नेहमीच्या जस्ताचे पाहू.

जस्त : साधे, पण धुरापासून सावध

बाजारातील बहुतेक नट-बोल्टवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजते, म्हणजे स्वतः झिजून लोखंडाला राखते. थोडा ओरखडा पडला तरी आतले लोखंड लगेच गंजत नाही. विजेच्या टाकीत चढवलेला थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचा असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर त्याच्या कितीतरी पट जाड असतो व उघड्यावर पुष्कळ वर्षे टिकतो, पण तो बारीक आट्यांना चालत नाही.

जस्ताच्या बोल्टला नुसता हात लावल्याने काही होत नाही. जस्त तर शरीराला थोड्या प्रमाणात लागतेच. धोका आहे तो तापवण्यात. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. गॅसची ज्वाळा किंवा वेल्डिंगची ठिणगी याच्या फार पुढे जाते. जस्ताची वाफ हवेत मिसळून पांढरा धूर होतो. तो श्वासावाटे गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि तोंडाला गोडसर धातूची चव अशी लक्षणे दिसतात. यालाच धातूच्या धुराचा ताप म्हणतात. तो एक-दोन दिवसांत उतरतो.

या तापाची एक गंमत आहे. रोज थोडा धूर घेणाऱ्याला शरीर सरावते, पण एक-दोन दिवसांच्या सुट्टीत तो सराव मोडतो आणि सोमवारी पुन्हा ताप येतो. आमचा हा तरुणही रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर गेला होता. वेल्डिंग करणाऱ्यांत दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने धूर बाधत नाही असा समज आहे. दूध आणि गूळ खुशाल घ्यावेत, पण ते पोटात जातात आणि धूर फुप्फुसात जातो. एकाने दुसऱ्याचा परिहार होत नाही.

कॅडमियम : अभियंत्याचा लाडका, वैद्याचा वैरी

कॅडमियमचा शोध १८१७ साली जर्मनीत फ्रीडरिश श्ट्रोमायर यांनी लावला. हा धातू जस्ताच्या खनिजातच मिसळलेला असतो आणि जस्त शुद्ध करताना हाती येतो. याचा थर पातळ असूनही खाऱ्या हवेत टिकतो, अॅल्युमिनियमशी जमवून घेतो, आणि गुळगुळीत असल्याने बोल्ट सारख्या जोराने आवळता येतो. म्हणून विमाने, लष्करी सामान आणि जहाजे यांतील बोल्ट व इन्सर्टना तो पिढ्यानपिढ्या दिला गेला, आणि काही ठिकाणी आजही दिला जातो. जुन्या यंत्रांच्या भंगारातून हे बोल्ट आपल्या वर्कशॉपपर्यंत पोचतात.

कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते, म्हणजे जस्तापेक्षाही लवकर वाफ होते. या वाफेने सुरुवातीला जस्तासारखाच ताप येतो. त्यामुळे माणूस म्हणतो, "नेहमीचाच ताप, उद्या उतरेल." पण येथे ताप उतरण्याऐवजी छातीत दुखू लागते, दम लागतो आणि एक-दोन दिवसांत फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरते. यात माणसे दगावली आहेत. त्या रात्री मी तरुणाला घरी न पाठवता ठेवून घेतले ते याच कारणाने. बोल्टवर काय होते हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

थोडे-थोडे रोज शरीरात गेले तरी कॅडमियम साचत राहते. ते मूत्रपिंडात जाऊन बसते आणि त्यातले निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. हळूहळू मूत्रपिंड निकामी होऊ लागतात, हाडे ठिसूळ होतात. जपानमधील तोयामा प्रांतात खाणीतून आलेले कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यातून भातशेतीत उतरले. तो भात खाणाऱ्यांना, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या उतारवयातील स्त्रियांना, हाडांच्या असह्य वेदना होऊ लागल्या. साध्या खोकल्यानेही हाड मोडे. वेदनेने निघणाऱ्या उद्गारावरून त्या रोगाला 'इताई-इताई' असे नाव पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर 'आई गं, आई गं'. १९६८ साली जपान सरकारने त्याचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे अधिकृतरीत्या मान्य केले. पुढे १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

दोन गोष्टी येथे आवर्जून सांगतो. तंबाखूच्या झाडात कॅडमियम असते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात ते आधीच जास्त साचलेले असते. आणि ज्यांच्या शरीरात लोह कमी असते त्यांच्या आतड्यातून कॅडमियम अधिक शोषले जाते. आपल्याकडे पांडुरोग असलेल्या स्त्रिया किती आहेत हे वेगळे सांगायला नको. जेथे असे काम घरातल्या पडवीत चालते, तेथे ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

क्रोम : चकाकी वेगळी, पिवळेपणा वेगळा

क्रोमियमबाबत लोकांचा बराच गोंधळ होतो. नळाची तोटी किंवा मोटारसायकलचे हँडल यांवरचा चकचकीत क्रोम हा शुद्ध धातू आहे. त्याला हात लावल्याने अपाय होत नाही. घातक आहे ते 'सहा संयुजेचे' क्रोमियम, म्हणजे क्रोमिक आम्ल व डायक्रोमेट यांसारखी पिवळी-नारिंगी संयुगे. क्रोम चढवण्याच्या टाकीत हेच असते. जस्ताचा मुलामा दिल्यावर तो अधिक टिकावा म्हणून बोल्ट ज्या द्रावणात बुडवतात, त्यातही पूर्वापार हेच वापरत आले. बोल्टचा सोनेरी पिवळा रंग बहुधा त्यातूनच येतो. विमानांच्या अॅल्युमिनियममध्ये इन्सर्ट बसवताना लावला जाणारा हिरवट-पिवळा झिंक क्रोमेटचा रंग हाही त्याच कुळातला. तो सुकल्यावर घासला तर त्याची धूळ नाकात जाते.

क्रोमच्या टाकीतून बुडबुडे फुटतात आणि बारीक तुषार उडतात. ते कातडीवरच्या एखाद्या ओरखड्यात गेले की गोल, खोल, लवकर न भरणारी जखम होते. कामगार तिला 'क्रोमचे भोक' म्हणतात. नाकात गेले की नाकाच्या मधल्या पडद्याला व्रण पडतो आणि पुढे आरपार भोक पडते. ते फारसे दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला की मग तो डॉक्टरकडे येतो. वर्षानुवर्षे असे तुषार घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले असून, १९९० पासून सहा संयुजेचे क्रोमियमही कर्करोगकारकांच्या पहिल्याच गटात आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच क्रोमच्या जखमांचा समावेश सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत केला होता. म्हणजे धोका ठाऊक होऊन पाऊण शतक लोटले. माहिती मात्र टाकीजवळ उभ्या असलेल्या पोरापर्यंत पोचलेली नाही.

याला पर्याय आहे. तीन संयुजेचे क्रोमियम पुष्कळ कमी अपायकारक असते व जस्तावर त्याचाही थर देता येतो. युरोपात १ जुलै २००६ पासून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंत सहा संयुजेचे क्रोमियम व कॅडमियम यांवर मर्यादा आली. आपल्याकडे १ मे २०१४ पासून ई-कचरा नियमांनी त्याच धर्तीचे बंधन घातले. परंतु गावातल्या छोट्या प्लेटिंगवाल्याकडून येणाऱ्या सुट्या बोल्टला हे नियम लागत नाहीत. तेथे आपण विचारले तरच उत्तर मिळते.

निकेल : खाजेचे मूळ

निकेलचा थर सुंदर दिसतो आणि झिजत नाही. परंतु कातडीच्या अॅलर्जीचे हे अतिशय नेहमीचे कारण आहे. घामाने निकेल थोडे विरघळते आणि कातडीत शिरते. जीन पँटच्या धातूच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज, घड्याळाच्या पट्ट्याखाली चट्टा, खोट्या दागिन्यांनी कानाच्या पाळीला पाणी सुटणे, ही सारी याचीच रूपे. अॅलर्जी एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते. स्त्रियांत ती अधिक दिसते, कारण कान टोचताना निकेल थेट कातडीखाली जाते. दिवसभर निकेलचे स्क्रू बोटांत धरणाऱ्या कारागिराच्या बोटांना भेगा पडून खाज सुटली, तर गजकर्णाचे मलम चोळत बसण्याआधी कातडीच्या डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

स्टेनलेस स्टीलमध्येही निकेल असते, मग ते कसे चालते, असा प्रश्न वाचक विचारतील. त्यात ते घट्ट बांधलेले असते आणि वर क्रोमियमच्या ऑक्साइडचे अदृश्य कवच असते. म्हणून चांगल्या स्टेनलेसमधून ते फारच कमी सुटते.

हाडात बसवलेल्या स्क्रूवर कोणता मुलामा?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, म्हणून येथेच उत्तर देतो. मोडलेले हाड जोडायच्या स्क्रूवर वर सांगितल्यासारखा जस्ताचा, कॅडमियमचा किंवा निकेलचा मुलामा नसतो. मुलामा निघाला तर तो शरीरात जाईल. म्हणून तेथे धातूच असा निवडतात की ज्याला गंजरोधक थराची गरज पडू नये : विशिष्ट प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियम. टायटॅनियम हवेत स्वतःवरच ऑक्साइडचे कवच धरते. शस्त्रक्रियेच्या स्टेनलेसमध्ये १३ ते १५ टक्के निकेल असते. त्यामुळे ज्यांना निकेलची अॅलर्जी आहे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तसे जरूर सांगावे.

डोळ्यांनी ओळखता येते का?

मालकांचा खरा प्रश्न हाच होता. उत्तर आहे : नाही. जस्ताचा पिवळा बोल्ट आणि कॅडमियमचा पिवळा बोल्ट शेजारी ठेवले तर जाणकारही फसतो. तीन संयुजेच्या क्रोमियमवर पिवळा रंग चढवूनही विकतात, तेव्हा पिवळा म्हणजे घातकच आणि पांढरा म्हणजे निर्धोकच असेही म्हणता येत नाही. जेथून माल घेतला तेथून लेखी दाखला मागणे हा एकच मार्ग. 'कॅडमियम नाही, सहा संयुजेचे क्रोमियम नाही' एवढी ओळ बिलावर लिहून घ्यावी. जुना, भंगारातला किंवा कुठला ते माहीत नसलेला बोल्ट असेल तर तो घातक आहे असेच धरून चालावे.

मग निवड कशी करावी?

आट्यांचे माप आणि ताकद हा अभियंत्यांचा प्रांत. प्रकृतीच्या दृष्टीने मात्र एवढे सांगता येईल.

घरातील फर्निचर, कपाटे, पंखे यांसाठी जस्ताचा मुलामा व त्यावर तीन संयुजेच्या क्रोमियमचा थर पुरेसा आहे. उघड्यावरील पत्रे, कुंपण, खांब यांसाठी वितळलेल्या जस्तात बुडवलेले जाड बोल्ट घ्यावेत.

अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवायचा असेल तर स्टेनलेसच्या तारेचा इन्सर्ट घ्यावा. ओलावा व खारी हवा असेल तर त्यावर कोरड्या वंगणाचा थर दिलेला प्रकार मिळतो. कॅडमियमचा आग्रह धरण्याचे आपल्या स्कूटर-पंपांना काहीच कारण नाही.

जेथे अन्नपाण्याशी संबंध येतो, उदाहरणार्थ पिठाची चक्की, उसाच्या रसाचा चरक, दुधाची किटली, पाण्याची टाकी, तेथे मुलाम्याच्या फंदात न पडता स्टेनलेस वापरावे. आंबट पदार्थ मुलामा खातो. पूर्वी परदेशात कॅडमियमच्या मुलाम्याच्या भांड्यांत आंबट सरबते ठेवल्याने प्यायल्यावर थोड्याच वेळात उलट्या झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

जेथे उष्णता आहे, म्हणजे सायलेन्सर, भट्टी, शेगडी, तेथे मुलाम्याचे बोल्ट नकोत. जुन्या फ्रिजची जाळी काढून ती शेगडीवर वांगी भाजायला वापरण्याची युक्ती कोणी करत असेल तर ती ताबडतोब बंद करावी. जुन्या जाळ्यांवर कॅडमियम असण्याचा संभव असतो.

आणखी एक इशारा. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा आकडा असलेले जादा ताकदीचे बोल्ट जुने झाले म्हणून गावातील प्लेटिंगवाल्याकडून पुन्हा चमकवून आणू नयेत. टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. नंतर काही तास ठरावीक उष्णतेत ठेवून तो काढावा लागतो. ते न केल्यास बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, काही सूचना न देता, तुटतो. त्यावर पाळणा टांगलेला असेल किंवा चाक अडकवलेले असेल, तर पुढचे सांगायला नको.

काम करणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) मुलाम्याचा बोल्ट गॅसने तापवू नये. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवावा. न सुटल्यास हॅक्सॉने कापावा. तापवणे अटळच असेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून करावे. कॅडमियमची शंका असल्यास तापवूही नये आणि ग्राइंडरने घासूही नये.

२) स्क्रू, नट किंवा इन्सर्ट तोंडात धरू नयेत. हात मोकळे राहावेत म्हणून सुतार आणि मेकॅनिक हे सर्रास करतात.

३) जेवण्यापूर्वी, तसेच विडी किंवा तंबाखू हातात घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

४) नाकावर बांधलेला रुमाल धूर अडवत नाही. धातूच्या धुरासाठीचा मास्क वेगळा मिळतो. त्याहीपेक्षा टाकीच्या काठाशीच वाफ ओढून घेणारा पंखा महत्त्वाचा.

५) प्लेटिंगच्या काही टाक्यांत सायनाइड असते. सायनाइड आणि आम्ल एकत्र आले की प्राणघातक वायू तयार होतो. दोन्ही एका खोलीत साठवू नयेत, एका गटारात सोडू नयेत. कोणी बेशुद्ध पडल्यास आपला श्वास सांभाळून त्याला मोकळ्या हवेत आणावे, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये, आणि तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

६) अंगावर द्रावण उडाल्यास वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये.

७) प्लेटिंगच्या कामगारांनी वर्षातून एकदा नाक, कातडी, छाती व लघवी तपासून घ्यावी. कॅडमियमशी संबंध असेल तर त्याची लघवीतील तपासणी वेगळी सांगून करावी लागते. ईएसआय योजनेत असलेल्यांना क्रोमियम व कॅडमियमपासून होणारे रोग व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य आहेत, तेव्हा आपला हक्क सोडू नये.

शेजाऱ्यांसाठीही एक सूचना. प्लेटिंगच्या शेडजवळील विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिवळसर दिसू लागले तर ते पिऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. एवढे थोडे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही, म्हणून पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावे.

डॉक्टरकडे जाताना

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. ताप, खोकला, खाज काहीही असो, डॉक्टरांना आपले काम काय ते सांगावे. त्यांनी विचारले नाही तरी सांगावे. "काल मी मुलाम्याचे बोल्ट तापवत होतो" हे एक वाक्य दहा तपासण्यांचा खर्च वाचवते, आणि कॅडमियम असेल तर जीवही वाचवते. धुरानंतर आलेला ताप दुसऱ्या दिवशी उतरण्याऐवजी दम लागू लागला, तर घरी थांबू नये. मग मध्यरात्र असली तरी चालेल.

आमचा तरुण आता बरा आहे. वर्कशॉपच्या मालकांनी शेडच्या मागच्या भिंतीला पंखा बसवला आणि गॅसने बोल्ट सोडवायचे असल्यास ते काम अंगणात नेले. रुमालातले ते मूठभर बोल्ट मी ठेवून घेतले आहेत, टेबलावरच्या बरणीत. गॅरेजमधून किंवा वर्कशॉपमधून कोणी रुग्ण आला की बरणी त्याच्यापुढे सरकवतो आणि विचारतो, "यातला कॅडमियमचा कोणता, ओळख पाहू?" आजवर कोणालाही ओळखता आलेला नाही. मलाही येत नाही, हे त्याला सांगितले की तो मास्कचे आणि पंख्याचे पुढचे बोलणे लक्ष देऊन ऐकतो.